नऊ बोटांची मांडणी

४ मार्च

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो. तो मी राखून ठेवला आहे. हे गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत, म्हणून मलाही नमस्काराची घाई नाही.

तुमचा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि विचारायचं ते राहून जातं. पत्रात आवाज चढला तर कागद फाडता येतो. हा तिसरा कागद आहे.

काम एकच. यांचा कॉम्प्युटर बिघडला आहे. सुरू होतो, नाव विचारतो, पासवर्ड विचारतो (तो मला यांनी सांगून ठेवला होता), आणि मग काळ्या स्क्रीनवर एक पांढरी काडी लुकलुकत राहते. पूर्वी तिथे खिडक्या यायच्या, वर पट्टी असायची, पट्टीत घड्याळ. आता काही नाही. मागच्या आठवड्यात वीज गेली आणि सगळी सेटिंग पुसली गेली.

हे यंत्र तुम्ही दोघांनी उभं केलं. कारखान्याच्या ऑफिसने टाकून दिलेला डबा तुम्ही आणि यांनी दोन बाजूंनी धरून जिन्यावरून वर आणला, तेव्हा दार मीच उघडलं होतं. पुढे पाच वर्षं दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल तुमच्या ताब्यात होतं. त्यामुळे आतलं तुम्हाला माहीत असणार. माझा प्रश्न एवढाच की या काडीपुढे काय लिहिलं म्हणजे खिडक्या मांडणारा तो प्रोग्राम, यांचा 'मुकादम', उठतो? पुढचं मी बघते.

का विचारते तेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल की म्हातारीला आता हे काय सुचलं. मुलाचा फोन आला होता. म्हणाला, "आई, आता पुरे झालं. एकटीने राहणं तुला झेपायचं नाही. परवा गॅस चालू राहिला, त्याआधी किल्ली दाराला बाहेरून तशीच, आणि आता बाबांचं मशीनसुद्धा मोडून बसलीस."

मी म्हटलं, "मशीन मी तुला चालू करून दाखवते."

"कधी?"

"तू येशील तेव्हा."

"आणि नाही झालं तर?"

माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "नाही झालं तर बॅग भरते, घराला कुलूप लावते आणि तुझ्याबरोबर निघते."

"ठरलं," म्हणाला. एवढ्या पटकन म्हणाला की मला कळलं, तो याचीच वाट बघत होता. पंधरा एप्रिलला येतोय. माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. चांगली आहे, खिडकी गाड्या लावतात त्या बाजूला उघडते.

मला माझ्याच घरात राहायचं आहे. बस.

दया वगैरे वाटून लांबलचक लिहू नका. एक ओळ पुरे.

तुमच्या एकेकाळच्या मित्राची बायको


१५ मार्च

भाऊजी,

एक ओळ मागितली होती, तीन आल्या.

पहिली कामाची. ती लिहिली आणि मुकादम उठला. त्याबद्दल खाली.

तिसरी ओळ: "मला कळवलं असतंत तर आलो असतो." त्या दिवसांत कोणाला कळवलं आणि कोण राहिलं, मला काही आठवत नाही. यादी मुलाने केली होती.

आता दुसरी. "विजेने सेटिंग पुसली जात नाही. विजेचं मला कळतं." जन्मभर वायरमन होतात, कळणारच. मला वाटलं होतं खपून जाईल. वीज गेली नव्हती. मी केलं.

वाचनालयात मी झाडूपोछा करायला लागले ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. शाळा सहावीपर्यंत. पुस्तकांवरची धूळ पुसताना आधी नावं वाचली, मग पहिली पानं, मग झाडू बाजूला ठेवून उभ्याउभ्या प्रकरणंच्या प्रकरणं. सातव्या वर्षी त्यांनी मला देवघेवीच्या टेबलावर बसवलं. तिथून पस्तीस वर्षं मी कार्डं लावली. एकाच पुस्तकाची दोन कार्डं दिसली की एक काढून टाकायचं, हे माझ्या हाताला इतकं लागलेलं आहे की घरात दोन कात्र्या दिसल्या तरी बोटं शिवशिवतात.

यांच्या कॉम्प्युटरमध्ये सेटिंगच्या सगळ्या फाईली मला दोन-दोन ठिकाणी दिसल्या. एकदा एका फोल्डरमध्ये एकत्र, आणि पुन्हा आपापल्या जागी विखुरलेल्या. नाव तेच, उघडलं तर आतला मजकूर तोच. म्हटलं, बघा, यांनी जन्मात कधी कपाट आवरलं नाही, इथेही तेच. एकत्र होता तो फोल्डर मी काढून टाकला. कचऱ्याची टोपलीही लगेच रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. दुसऱ्या दिवशी काडी.

वाचनालयात कॉम्प्युटरवरचं एक जाडजूड पुस्तक आहे, कोणीतरी भेट दिलेलं. आतल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही, म्हणजे कोणी नेलेलंच नाही. मी ते घरी आणलं, शब्दकोश शेजारी ठेवला आणि पान दोनशे अकरावर मला कळलं की मी काय केलं. विखुरलेल्या त्या फाईली नव्हत्याच. ते नुसते बाण होते, मूळ फाईल तिकडे आहे असं सांगणारे. आमच्या कार्डांतही असतात की, 'अमुक पाहा' म्हणून. मी 'पाहा'ची कार्डं जपून ठेवली आणि पुस्तकं रद्दीत घातली. पस्तीस वर्षांची नोकरी झालेल्या बाईने.

मुलाला वीज गेली असंच सांगितलं आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.

तर मुकादम. हे तुम्हाला पाठ आहे, पण लिहिलं की मला नीट कळतं, म्हणून लिहिते. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो तो यांच्या मशीनवर एक वस्तू नाहीच. तो एक कारखाना आहे. खिडकी कुठे बसेल, केवढी असेल ते ठरवणारा प्रोग्राम वेगळा, तो मुकादम. वरची घड्याळाची पट्टी दाखवणारा वेगळा. नाव लिहिलं की तो तो प्रोग्राम बोलावून आणणारा वेगळा, त्याला हे हरकाम्या म्हणायचे. कोपऱ्यात छोटी पाटी दाखवून आठवण करून देणारा निरोप्या. उठून गेलं की कुलूप घालणारा चौकीदार. प्रत्येक प्रोग्राम कुठल्यातरी निराळ्या माणसाने, निराळ्या देशात बसून केलेला. त्यांनी एकमेकांची तोंडंही बघितली नसतील. आणि सगळ्यांनी आतला मजकूर उघडा ठेवलेला, ज्याला वाचता येईल त्याने वाचा, बदलायचा तर बदला. हे टर्नर होते, जन्मभर लेथवर उभे. ज्या यंत्राचं झाकण उघडत नाही त्याच्याकडे हे ढुंकून बघायचे नाहीत, म्हणून यांना ते आवडलं.

माणसं सगळी हजर आहेत, भाऊजी. कोणी काय करायचं ते लिहिलेला कागद तेवढा मी जाळला.

मुकादम उठला तेव्हा काळी स्क्रीन करडी झाली आणि मधोमध माउसचा बाण आला. बस. ना खिडकी, ना पट्टी, ना बाहेर पडायला वाट. कुठलंही बटण दाबा, ढिम्म हलेना. मी मोठं बटण दाबून बंद केलं, पुन्हा काडीपाशी आले आणि त्याला पहिला हुकूम लिहिला: हे बटण दाबलं की लिहायची खिडकी उघड. त्या एका हुकमाला तीन दिवस लागले. खिडकी उघडली तेव्हा मी आत जाऊन शांतपणे कुकर लावला. कोणाला सांगणार?

म्हणून तुम्हाला सांगितलं. त्याचा वेगळा अर्थ काढू नका.


२७ मार्च

भाऊजी,

तुमच्या पत्राला उत्तर नाही हे, कारण तुमचं पत्र आलेलं नाही. पण मला कोणाला तरी दाखवायचं आहे आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना ते दिसत नाही.

त्या रोज दुपारी येतात. चहा घेतात आणि माझ्या मागे उभ्या राहून बघतात.

"आज काय मोडलं?"

"मोडलं नाही. चाललंय."

"मग तोंड असं का तुमचं? माझं मशीन तुमच्या मशीनपेक्षा म्हातारं आहे, पण उलट उत्तर देत नाही बाई."

"तुमच्या मशीनला तुम्ही लाथेने चालवता. मला ती सोय नाही."

त्या दिवशी वरची पट्टी येत नव्हती आणि ते सारखं सांगत होतं की चौदाव्या ओळीत चूक आहे. चौदावी ओळ मी अक्षर न् अक्षर ताडून बघितली, आरशासारखी स्वच्छ. मी वैतागून तसं मोठ्याने म्हटलं. शिंपीणबाई बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "टाका जिथे सुटलेला दिसतो तिथे नसतो हो सुटलेला. आधीच्या टाक्याला बघा." तेराव्या ओळीच्या शेवटी कंस बंद करायचा राहिला होता. पट्टी आली. घड्याळ आलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी? घड्याळ तर भिंतीवर आहे." आणि गेल्या.

आता पट्टी आहे, हरकाम्या आहे, आणि निरोप्या सकाळी साडेआठला गोळीची आठवण देतो. वाचनालयाची यादी, तीन हजार आठशे कार्डांची, मीच यात चढवली होती, ती सुखरूप आहे. ती वेगळ्या कपाटात होती म्हणून माझ्या आवराआवरीतून वाचली. तुम्हाला एकही प्रश्न विचारलेला नाही, नोंद घ्या.

खरं पत्र इथून पुढे आहे.

बटणांची मांडणी मी यांच्यासारखीच करायला घेतली होती. आठवून आठवून. यांचं हुकमाचं बटण अंगठ्याखाली, ते दाबून धरायचं आणि दुसरं अक्षर दाबायचं, म्हणजे हवं ते होतं. मी चार-पाच कामं करायचे तेवढी मला पाठ होती. बाकीची यांच्या हातांच्या आठवणीवरून जुळवत होते. खिडकी बंद करायचं अक्षर कुठल्या कुठे, तिथे पोचताना माझी करंगळी दुखायची. आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला मधोमध, अगदी सोयीच्या जागी, सहा अक्षरं यांनी रिकामी ठेवलेली. वरच्या ओळीत दोन, मधल्या ओळीत दोन, खालच्या ओळीत दोन. एकावरही काही नाही. म्हटलं, विसरले असतील. पण हे विसरणारे नव्हते. पाना कुठल्या खिळ्याला लटकतो ते यांना अंधारात सांगता यायचं.

काल सकाळी मी टाईप करायला दोन्ही हात नीट ठेवले, पुस्तकात दाखवतात तसे, आणि बघितलं की त्या सहा अक्षरांवर कुठलं बोट येतं.

डाव्या हाताची तर्जनी.

तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तिथेच होता. लेथमध्ये यांचं बोट गेलं आणि मेन स्विच तुम्ही खाली ओढलात, नाहीतर हात गेला असता. पेरं दोन गेली. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. नंतर ते बोट मला दिसेनासंच झालं, म्हणजे नसलेलं बोट दिसेनासं झालं. जवळजवळ चाळीस वर्षं मी त्या हातात चहाचा कप दिला आणि कधी मोजलं नाही.

आणि गेले दोन आठवडे मी नऊ बोटांच्या माणसाची मांडणी दहा बोटांनी पाठ करत होते.

कालपासून कीबोर्डला हात लावलेला नाही. मुलगा यायला एकोणीस दिवस आहेत. हे पत्र टाकायला खाली जाते आहे, तेवढंच चालणं.


५ एप्रिल

भाऊजी,

तुमचं मोठं पत्र मिळालं. म्हणजे तुम्हाला लिहिता येतं तर.

आधी मी ते समजले तसं लिहिते. यांच्या सेटिंगची प्रत तुमच्याकडे आहे. तुम्ही दोघांनी इंटरनेटवर एक सामायिक जागा घेतली होती आणि यांचं मशीन दर शनिवारी आपोआप तिथे सगळं पाठवायचं, तुमचंही पाठवायचं. भांडण झाल्यावर ते बंद करायचं ना यांनी मनावर घेतलं ना तुम्ही. शेवटचा बदल दवाखान्यात जायच्या चार दिवस आधीचा. आणि तुम्ही म्हणता, "पाठवू का? पेनड्राइव्ह लावायचा, एक ओळ चालवायची, सगळं होतं तसं परत येईल. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटं हे मी तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. चौकीदार अजून मला आत घेत नाही, खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर बसतात. दहा मिनिटांत सगळं जागेवर. मुलगा येईल, बघेल, गप्प होईल, मी घरात राहीन.

पाठवू नका.

मुलाला मी "बाबांचं मशीन चालू करून दाखवते" असं म्हटलं होतं, पण त्याला काय बघायचं आहे ते मला कळतं. त्याला बघायचं आहे की मोडलं तर आई काय करते. तुमचा पेनड्राइव्ह लावून मी जिंकले तर पुढच्या वेळी मोडल्यावर मला पुन्हा कोणाचा तरी पेनड्राइव्ह लागेल. आणि दुसरं म्हणजे, त्या रिकाम्या सहा अक्षरांवर मी परवा हुकूम बसवले. पहिल्यावर वाचनालयाची यादी. दुसऱ्यावर लिहायची खिडकी. यांची मांडणी यांच्या हाताला बरोबर होती. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, मी का कंजुषी करू? पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा मात्र यांच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा नाही वाटलं. आता तर लक्षातही येत नाही, आणि त्याचंच जरा वाईट वाटतं.

आता तुम्ही इतकं सरळ लिहिलंत, तर मलाही सरळ लिहावं लागणार.

तुमचं भांडण वाचनालयात झालं, माझ्यासमोर, वर्तमानपत्र वाचणाऱ्या सहा माणसांसमोर. तुम्ही म्हणालात, "मी आता तयार डेस्कटॉप टाकला. सगळं एकत्र येतं, माणूस कामाला लागतो. आपण नुसते स्क्रू पिळत बसलो." हे म्हणाले, "आयतोबा झालास तू." तुम्ही कप टेबलावर ठेवलात आणि गेलात. तुमचं टोपणनाव फ्यूज का, ते त्या सहा जणांना त्या दिवशी कळलं. मी हसले होते. तुम्ही बघितलंत की नाही, माहीत नाही.

त्यानंतर शनिवारी हे टेबल पुसून बसायचे. दोन कप काढायचे आणि थोड्या वेळाने एक परत ठेवायचे. दोन वर्षं मी तो परत ठेवलेला कप बघितला आणि माझा सगळा राग तुमच्यावर साठला. आयतोबा कोण म्हणालं होतं, ते मी सोयीने विसरले.

हे गेले तेव्हा मुलाने यादी केली. फोन करायच्या माणसांची. तुमचं नाव सातवं होतं. मी पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली. मुलगा म्हणाला, "हे का?" मी म्हटलं, "ते यायचे नाहीत." त्याने पुढच्या नावाला फोन लावला.

म्हणजे पहिल्या पत्रात मी "आला नाहीत" लिहिलं ते सगळं माहीत असून लिहिलं. "काही आठवत नाही" लिहिलं तेही. यांचा हात वाचवणाऱ्या माणसाला मी यांचा चेहरा बघू दिला नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मी फार सहज सुटेन.

पंधरा तारखेपर्यंत काही पाठवू नका. त्यानंतर पाठवायचं की नाही ते हे पत्र वाचून तुमचं तुम्ही ठरवा.


१६ एप्रिल

भाऊजी,

मुलगा काल आला, आज सकाळी गेला. तुम्ही पत्र पाठवलेलं नाही. पण मुलाचं येणं तुम्हाला ठाऊक होतं, तेव्हा काय झालं ते कळवणं माझं काम आहे.

चहा होईपर्यंत थांबला नाही. चप्पल काढली आणि थेट टेबलाशी. "बघू."

बसला. माउस धरला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. करड्या पडद्यावर दाबायला काहीच नाही, मी ठेवलेलंच नाही.

"आई, हे बंदच आहे."

"ऊठ," मी म्हटलं.

मी चष्मा लावून बसले आणि हुकमाचं बटण दाबून मशीन नव्याने मांडायला लावलं. खिडक्या डाव्या-उजव्या नीट बसल्या. पट्टी आली नाही.

भाऊजी, सकाळपर्यंत पट्टी होती! पण सकाळी मला वाटलं की घड्याळात सेकंद कशाला पळायला हवेत, उगाच डोळ्यांना त्रास, तो आल्यावर सगळं टापटीप दिसू दे. म्हणून ती फाईल उघडून मी सेकंद काढले. पुन्हा आवराआवर. माझा हात कोणीतरी बांधून ठेवायला हवा.

मुलगा हळूच म्हणाला, "राहू दे आई. खूप केलंस."

त्याचा आवाज मऊ होता. त्याच मऊ आवाजाने मला चीड आली. मी म्हटलं, "गप्प बस आणि बघ."

चूक काय आहे ते मशीनला विचारलं. म्हणालं, नवव्या ओळीत. मी नवव्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. आठवी बघितली. सेकंदांबरोबर मी शेवटचा स्वल्पविरामही उडवला होता. तो घातला, फाईल ठेवली, पट्टी सुरू केली. घड्याळ आलं, सेकंद नसलेलं. अकरा वाजून चार मिनिटं. तेवढ्यात कोपऱ्यात निरोप्याची पाटी उगवली: 'मुलाला पाणी दे.' ती मीच लावून ठेवली होती, कारण रागाच्या भरात मी ते विसरणार हे मला माहीत होतं.

तो हसला. माझ्या बोटांकडे बघत होता.

"बाबांचं होतं तसं नाही हे," म्हणाला.

"नाही. हे माझं आहे."

"बाबांचं कुठे गेलं?"

आता खरं सांगायची वेळ होती. "मी पुसलं. वीजबीज गेली नव्हती. दोन प्रती समजून मी पुसलं."

मला वाटलं आता बॅगेचा विषय निघणार. तो उठला आणि स्वतःच पाणी घेऊन आला, माझ्यासाठीही. म्हणाला, "मोडलं तेव्हा तू घाबरशील असं मला वाटलं होतं."

"घाबरले होते. मार्चमध्ये."

संध्याकाळी म्हणाला, "बरं, रहा. पण रोज फोन करायचा. आणि सहा महिन्यांनी मी परत येऊन बघणार."

"ये की. जेवायला घालीन. परीक्षा देणार नाही."

आज जाताना दाराची किल्ली त्याने आतल्या खिळ्याला अडकवली आणि मला दोनदा दाखवली. मी दोनदा बघितली. तेवढं त्याचं ऐकलं.

घर माझंच राहिलं. कळवायचं होतं ते कळवलं.


२९ एप्रिल

भाऊजींना नमस्कार.

पेनड्राइव्ह पोचला. सोबत चिठ्ठी नाही, ते बरं केलंत. मी चालवला नाही. उघडून वाचला, पुस्तक वाचतात तसा, पहिल्या फाईलपासून. आठ दिवस लागले.

ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं चिन्ह असतं ती ओळ मशीन वाचत नाही, माणसासाठी असते, हे मला आता माहीत आहे. यांनी अशा ओळी खूप लिहिल्या आहेत. बहुतेक कामाच्याच, हा स्क्रू उलटा फिरतो अशा छापाच्या. पण अक्षराचा आकार ठरवतात तिथे लिहिलं आहे: 'अक्षर १८. माझ्यासाठी नाही. तिला चष्मा लावायला आवडत नाही. बोलायचं नाही.'

मी इतकी वर्षं यांना चिडवत होते की तुमची नजर गेली, केवढाली अक्षरं लावता. हे म्हणायचे, "हो, गेली."

आणि खिडक्यांच्या फाईलमध्ये, भांडणानंतरच्या आठवड्यातली तारीख घालून: 'फ्यूजचं म्हणणं चूक नव्हतं. ज्याला काम करायचंय त्याने तयार घ्यावं. मला स्क्रूच पिळायचे आहेत. हे त्याला कसं सांगू.'

ही ओळ तुमच्याकडे त्याच शनिवारी पोचली होती. तुम्ही ती वाचली असणार. दोन वर्षं तुम्ही दोघं एकाच कपाटात चिठ्ठ्या ठेवत राहिलात, आणि या घराची बेल काही कोणी वाजवली नाही. मी रेघ मारली ती माझी. पण ही दोन वर्षं माझ्या माथी मारू नका.

यांचा फोल्डर मी माझ्या मशीनवर ठेवला आहे, वेगळ्या कपाटात. तो चालवणार नाही. माझं अक्षर वीस आहे, आणि मी चष्माही लावते.

शनिवारी टेबल रिकामं असतं. या. दोन कप काढून ठेवीन, पण आयता चहा मिळणार नाही, तुमचा तुम्ही करायचा.

तुमचाच पेनड्राइव्ह परत पाठवते आहे. यांचं आहे तसंच आहे, शेजारी माझी मांडणी घातली आहे, सगळी, सेकंद नसलेल्या घड्याळासकट. तुमच्याकडे त्यांची प्रत राहिली, तशी माझीही ठेवा. माझ्या हाताचा भरवसा नाही, तो कधी काय आवरायला घेईल सांगता येत नाही.